त्यातले माझे किती

काट्यावरचा आकडा थांबला तेव्हा तिला वाटलं, आपला एक पाय बाहेर राहिला असावा. तिनं खाली पाहिलं. दोन्ही पाय काचेवर होते, टाचा जुळलेल्या. उलट खांद्यावरची पिशवी काढायची राहून गेली होती, आणि पिशवीत भूगोलाचं जाडजूड पुस्तक होतं, नकाशांची वही होती, पाण्याची भरलेली बाटली होती. म्हणजे खरा आकडा याहूनही खाली. ती उतरली, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर पिशवी ठेवली आणि पुन्हा चढली. त्रेसष्ट किलो सहाशे. एकोणीस दिवसांपूर्वी, परीक्षा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, याच काट्यावर सहासष्ट भरलं होतं. या एकोणीस दिवसांत तिनं काहीच केलं नव्हतं. चालणं बंद होतं. पहाटे उठून पुस्तक उघडायचं आणि एका हातानं बिस्किटांचा पुडा संपवायचा, दुपारी कामावर जाताना उभ्याउभ्या पाव-जॅम, आणि मैत्रिणीच्या वाढदिवसाला केकचे दोन तुकडे, त्यातला दुसरा तर मागून घेतलेला. ती आज इथं आली होती ती गुन्हा कबूल करायला आल्यासारखी. दोन वाढले असतील, फार तर तीन. स्वतःला काय बोलायचं तेही तिनं बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. आता ते सगळं बोलणं तिच्या तोंडात तसंच राहिलं. "काटा बिघडलाय का हो?" तिनं आत विचारलं. दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "परवाच तपासून घेतलाय. का, जास्त दाखवतोय?" "नाही, कमी." तो हसला. "ताई, एवढी वर्षं झाली दुकानाला. कमी भरलं म्हणून तक्रार करणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा पाहिलं." तीही हसली, पिशवी उचलली आणि रस्त्याला लागली. पण चालताना तिला सारखं वाटत राहिलं, की हे अडीच किलो आपले नाहीत. कोणीतरी ते आपल्याला न विचारता नेले आहेत.

तसं पाहिलं तर तिच्या दिवसातलं काहीच तिचं नव्हतं. सकाळी सात ते अकरा कॉलेज. बारा ते आठ कपड्यांचं मोठं दुकान. तिथं ती ट्रायल रूमच्या बोळात उभी असायची. सहा दारं, सहा आरसे, आणि बोळाच्या टोकाला सातवा, जमिनीपासून छतापर्यंतचा. आत जाणाऱ्याच्या हातातले कपडे मोजायचे, तितक्या आकड्याचा बिल्ला द्यायचा, बाहेर येताना पुन्हा मोजायचे. लोक कपडे उलटे करून टाकून जात. ते सुलटे करायचे, बटणं लावायची, हँगरला अडकवायचे. माणसानं अंगातून काढलेला कपडा किती गरम असतो हे तिला त्या नोकरीत कळलं होतं. घरी आई. दोन खोल्या. वडील गेले तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि कॉलेजचं एक वर्ष उरलं होतं. ते उरलेलं वर्ष नंतर दहा वर्षं उरूनच राहिलं. परत नाव घातलं तेव्हा जुने पेपर चालत नाहीत म्हणाले, सगळं पहिल्यापासून. आता एकतिसाव्या वर्षी ती एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसत होती. पोरं चांगली होती. तिला ताई म्हणत, तिच्या वहीवरून उतरवून घेत, आणि सहलीला जाताना तिला सांगायचं विसरून जात.

वजनाचं सुरू झालं ते तिथल्याच जिन्यावरून. वर्ग तिसऱ्या मजल्यावर. गेल्या वर्षी एकदा बस चुकली म्हणून ती धावत वर गेली आणि दारात उभी राहिली तेव्हा तिला "आत येऊ का" एवढंही म्हणता येईना. अठ्ठ्याहत्तर किलोची ती, दाराची चौकट धरून, तोंड उघडं. सर शिकवायचे थांबले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सावकाश. आधी श्वास घ्या," आणि खरंच थांबले. सगळा वर्ग थांबला. साठ माणसं तिला श्वास येण्याची वाट बघत होती आणि श्वास येत नव्हता. कोणी हसलं नाही. तेच तिला पुढं कितीतरी दिवस छळत राहिलं. त्या दिवशी घरी जाताना ती दोन थांबे आधी उतरली आणि चालत गेली. दुसऱ्या दिवशीही. मग सकाळी उकडलेली दोन अंडी, दुपारी भात निम्मा, पिशवीत एक सफरचंद. पाच वाजता दुकानात सगळ्यांचा चहा-बिस्किटांचा घोळका जमे तेव्हा ती बोळाच्या टोकाला जाऊन ते सफरचंद खाई, बियांपर्यंत, हळूहळू, कारण ते संपलं की आठ वाजेपर्यंत काही नव्हतं. भूक लागली की तिला एक विचित्र समाधान वाटे. दिवसभराचे तास कोणाकोणाचे ठरलेले होते, पण ही भूक तिची स्वतःची होती. पोटात तिचा एकटीचा एक कोपरा रिकामा होता आणि तिथं कोणाला यायची परवानगी नव्हती. एक्काहत्तरावर काटा पाच आठवडे अडून बसला होता. तिनं हट्टानं दुकानाची लिफ्ट सोडली, मागचा जिना धरला, आणि एका सोमवारी काटा हलला, हलला तो घसरतच गेला. त्या दिवशी तिला पदवी मिळाल्यासारखं वाटलं होतं. तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते थोडं त्यांचंही झालं असतं.

दुकानात शिरताच कॅश काउंटरवरची मैत्रीण ओरडली, "आली बघा आमची काडी! अगं, परीक्षेत लोक सुजतात, तू वाळलीस. काय करतेस ते सांग ना एकदा खरंखरं." "काही नाही करत." "हो का! सांगू नकोस. माझं वजन काय तुझ्या वाटचं जाणारे?" एरवी हे ऐकलं की दिवसभर पाय हलके पडत. आज तिनं खरंच सांगितलं होतं, काही करत नाही, आणि ते कोणाला खरं वाटलं नव्हतं. बोळाच्या टोकाच्या आरशात ती स्वतःकडे पाहत राहिली. गळ्याखालची हाडं वर आली होती. महिन्यापूर्वी हीच हाडं बघून ती खूश झाली होती. आता तिला मामाची आठवण झाली, आणि झाली म्हणण्यापेक्षा ती आठवण आधीपासून तिथं उभी होती, हिनं फक्त आता वळून पाहिलं.

मामा जाडा होता. आईचा धाकटा भाऊ, दर रविवारी यायचा, आणि आला की खुर्ची कुरकुरायची. तो स्वतःच म्हणायचा, "बघा, खुर्चीनं नमस्कार केला." ती नऊ वर्षांची असताना तो बारीक व्हायला लागला. घरात केवढं कौतुक. आई म्हणायची, "शिका जरा त्याच्याकडून." मामा सांगायचा, सकाळी तळ्याला फेऱ्या मारतो, गोड सोडलंय. पट्टा सैल झाला की तो हिला हाक मारी. खिळा आणि हातोडी आणून, पट्टा उंबऱ्यावर ठेवून, नवं भोक पाडायचं काम हिचं. एका घावात भोक पडलं पाहिजे, अशी त्यांची पैज असे. तिनं एकामागून एक पाच भोकं पाडली होती. चौथ्याच्या वेळी मामा उंबऱ्याशी खाली बसला आणि त्याला उठताना आईचा हात लागला, तेव्हाही सगळे हसलेच. पाचव्याच्या वेळी पट्ट्याचं टोक इतकं लांब लोंबत होतं की तिनं ते शेपटीसारखं धरून त्याला घरभर फिरवलं. सहावं पाडायची वेळ आली नाही. तिची वार्षिक परीक्षा व्हायच्या आत तो गेला. पोटात होतं काहीतरी, केव्हापासून होतं कोण जाणे. मोठी माणसं तेव्हा एकमेकांत बोलत होती ते वाक्य तिनं दाराआडून ऐकलं होतं: "आपण त्याचं कौतुक करत बसलो."

काट्यावरच्या त्या दिवसानंतरचे तीन आठवडे ती खात होती. कोणाला कळू नये असं, आणि चवीशिवाय. पूर्वी जिथं चोरून उपाशी राहायची तिथं आता चोरून खाऊ लागली. बोळाच्या टोकाला उभी राहून सफरचंदाऐवजी लोणी लावलेला पाव, केळी, कसलाही गोड पुडा. ही परीक्षाच होती एक प्रकारची. शरीरासमोर प्रश्न ठेवायचा आणि ते काय उत्तर देतं बघायचं. दर सोमवारी शरीर एकच उत्तर देई. एकसष्ट. मग साठ. जेवल्यावर तासाभरात पुन्हा भूक लागे, आणि ही भूक तिची ओळखीची भूक नव्हती. ही कोणा परक्याची होती, तिच्या तोंडानं खाणाऱ्याची. पंखा चालू असताना पाठ ओली व्हायची. बसमध्ये बसल्याबसल्या छातीत अशी धडधड होई की शेजारच्या बाईला ऐकू जात असेल असं वाटे. कॉलेजात समोच्च रेषा काढायच्या होत्या. एकाच उंचीचे बिंदू जोडत जाणारी ती रेषा सलग यायला हवी. तिची पेन्सिल थरथरली आणि डोंगराच्या उतारावर बारीक बारीक दाते उमटले. सरांनी वही पाहिली. "घाई झाली वाटतं?" म्हणाले. "हो सर," ती म्हणाली. घाई हे उत्तर सगळीकडे चालायचं. आईला तिनं काही सांगितलं नाही. आईही काही म्हणत नव्हती. फक्त ताटात वाढताना पूर्वी "आता पुरे ना?" विचारायची, ते विचारणं कधीतरी बंद झालं होतं. भात वाढून आई तिच्याकडे न बघता आत जाई. तिला वाटे, आई दमली असेल.

शेवटी ती डॉक्टरकडे गेली तीसुद्धा स्वतःहून म्हणता येणार नाही. कॉलेजच्या जिन्यावर, त्याच जिन्यावर, आता साठाच्याही खाली आलेलं शरीर घेऊन ती दुसऱ्या मजल्यावर बसली. श्वास तेव्हासारखाच आताही येईना. मग एवढं सगळं केलं कशासाठी, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला हसू आलं, आणि हसायलाही श्वास पुरेना.

डॉक्टर म्हातारी बाई होती. तिनं गळा चाचपला, हात पुढं करायला सांगितले आणि पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवला. कागद पानासारखा हलू लागला. रक्त तपासायला दिलं. दोन दिवस तिनं मामाचे दिवस मोजण्यात काढले: खुर्ची कुरकुरायची थांबली त्यापासून शेवटापर्यंत किती महिने, आपल्याला किती. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाली, "घाबरायचं कारण नाही. थायरॉइड आहे. गळ्यातली ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करतेय. शरीर दिवसरात्र पळतंय नुसतं. तू झोपलीस तरी ते पळतंय." ती ऐकत राहिली. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलंही. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी हललं. "केव्हापासून असेल?" "सांगता येत नाही. सहा महिने, आठ महिने... जास्तही." "मी वजन कमी करत होते. मुद्दाम. अठरा किलो झालं." "असं? मग म्हणूनच उशिरा लक्षात आलं." "त्यातले माझे किती?" डॉक्टरनं लिहिता लिहिता वर पाहिलं. "म्हणजे?" "म्हणजे मी केलेले किती, आणि आजाराचे किती?" डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "ते कसं वेगळं करणार, बाळ? गोळी रोज घ्यायची, न चुकता. थोडं वजन परत येईल. येऊ दे."

तिनं गोळ्या आणल्या आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. पहिल्या दिवशी विसरले असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तसं सांगायची गरज पडली नाही. बोळात उभी राहून ती महिने मागं मागं उलगडत होती. सुरुवातीचे तीन किलो तरी माझेच. तेव्हा भुकेनं डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, ते काय आजारानं दाखवले? पण मग एक्काहत्तर. पाच आठवडे अडलेला काटा एका सोमवारी सुटला तो जिन्यामुळं, की त्याच सुमारास गळ्यात कोणीतरी गुपचूप कामाला लागलं होतं म्हणून? तो सोमवार तिनं इतके दिवस जपून ठेवला होता. कॉलेज सात ते अकराचं, दुकान बारा ते आठचं, घर आईचं. तो एक सोमवार तिचा होता. आता त्याच्यावरही दुसऱ्याचं नाव निघण्याची शक्यता होती. आणि ही गोळी, मुगाच्या दाण्याएवढी, ती घेतली की उरलंसुरलंही परत द्यायचं. तिसऱ्या दिवशीही तिनं पाकीट उघडलं नाही. हात थरथरतच होते. एका बाईच्या ब्लाउजची बटणं तिला लावता येईनात, तिनं तो तसाच हँगरला टांगला.

चौथ्या दिवशी सकाळी ती दात घासून आली तर आई ओट्यापाशी उभी होती आणि आईच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं, त्याच्याखाली घडी उलगडलेला रिपोर्ट. "डबा ठेवायला पिशवी उघडली," आई म्हणाली. "चार दिवसांपूर्वीची तारीख आहे. यातली एकही गोळी गेलेली नाही." "घेणार आहे." "केव्हा?" "आई, काही गंभीर नाही. थायरॉइड आहे नुसतं." "मी विचारते, केव्हा?" मग तिच्या तोंडून जे आलं ते तिला स्वतःलाच लहान मुलाचं वाटलं. "घेतली की मी परत जाडी होईन." आईनं पाकीट ओट्यावर आपटलं. इतक्या वर्षांत आईला काही आपटताना तिनं पाहिलं नव्हतं. "दोन महिने," आई म्हणाली, "दोन महिने मी तुझे कपडे धुताना पिळते आणि मला वाटतं मी भावाचे कपडे पिळतेय. तुझं ताट वाढते आणि आत जाऊन भिंतीला टेकते. बोलले नाही. म्हटलं, बोललं तर खरं होईल. डॉक्टरला दाखव म्हणायची हिंमत नाही झाली माझी, काय निघेल म्हणून. आणि तू... तुला डॉक्टरनं सांगितलंय, बरं होणारं आहे म्हणून, आणि तू ते पिशवीत घालून फिरतेस?" "आई—" "त्याला गोळी नव्हती गं. त्याच्यासाठी गोळीच नव्हती. असती तर छातीवर बसून घातली असती मी त्याच्या तोंडात." आईचा आवाज तिथं फाटला. ती पाणी प्यायचा पेला शोधू लागली, समोर होता तो तिला दिसेना. मुलीनंच तो उचलला, भरला. पाकीट फोडताना बोटं थरथरली आणि गोळी ओट्यावर पडून गडगडत गेली. आईनं ती हातानं अडवली, पदराला पुसली आणि तिच्या तळव्यावर ठेवली. ती गिळून झाल्यावरही आई तिच्या गळ्याकडे बघत उभी होती, गोळी खाली उतरताना दिसते आहे जणू. "मामाच्या पट्ट्याला मीच पाडली होती," ती म्हणाली. "भोकं." "माहीत आहे," आई म्हणाली. "खिळा मीच द्यायचे की तुला." साडेसहाची बस गेली. कोणी घाई केली नाही.

गोळीचा गुण यायला आठवडे लागले. आधी हात थांबले. मग एक दिवस बसमध्ये तिच्या लक्षात आलं की छातीतलं आपल्याला ऐकू येत नाहीये. मग आली ती झोप. इतके महिने पळत असलेलं शरीर थांबलं आणि थांबल्यावर त्याला कळलं की आपण किती पळालो. ती वर्गात डुलक्या घ्यायची. पोरं तिच्यासाठी टिपणं काढून ठेवू लागली. वजन वाढलं. दोन असतील, मग चार. तिनं ते कुठं मोजलं नाही, कंबरेवरून कळलं. तिनं पुन्हा दोन थांबे आधी उतरून पाहिलं आणि अर्ध्या वाटेत एका कठड्यावर बसून राहिली. उद्या बघू म्हणाली. उद्याही तेच म्हणाली. सोमवार कोणाचा होता हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. कधी वाटे आपला, कधी वाटे नाही, आणि दोन्ही वेळा पुढचं काम यायचं आणि विचार अर्धा राहायचा.

एके दिवशी मैत्रीण कपड्यांचा ढीग घेऊन बोळात आली, तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "काय गं, सोडलंस वाटतं सगळं?" आवाजात चांगली अर्धी चिंता होती आणि अर्धं काहीतरी हलकं झालेलं. तिच्या ओठांवर थायरॉइड हा शब्द आला. तो म्हटला असता तर सगळं एका शब्दात सुटलं असतं: वाढलं तेही त्याच्यामुळं, कमी झालं होतं तेही त्याच्यामुळं. "हो," ती म्हणाली, "सोडलं थोडे दिवस." ढीग तिच्या हातात देऊन मैत्रीण गेली. ढिगात सतरा कपडे होते, सगळे उलटे. तिनं पहिला सुलटा केला, दुसरा केला. तिसऱ्या नंबरच्या ट्रायल रूममध्ये कोणी नव्हतं आणि आत एक स्टूल होतं, गिऱ्हाइकांसाठीचं. तिनं ते बाहेर ओढलं, भिंतीला टेकवलं आणि ढीग मांडीवर घेऊन त्याच्यावर बसली. मॅनेजर बोळाच्या तोंडाशी थांबला. तीन वर्षांत त्यानं तिला बसलेलं पाहिलं नव्हतं. "काय झालं?" तो म्हणाला. "बरं नाहीये का?"

"बरी आहे," ती म्हणाली. "दमलेय."

ती उठली नाही. तिनं चौथा कपडा हातात घेतला, बाही सुलटी केली आणि सावकाश, वरच्यापासून खालपर्यंत, त्याची बटणं लावली.